संघ पुन्हा जिंकायला लागला, पण कट्टा रिकामाच. कॉलेजच्या बास्केटबॉलला प्रेक्षक परत कसे आणायचे?

चौथा_क्वार्टर (प्रश्न)

लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं वरिष्ठ महाविद्यालय, विद्यापीठ स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा, नांदेड). मधली काही वर्षं बास्केटबॉल जवळपास बंदच होता. आता मुलांचा संघ सलग दोन वर्षं आंतरमहाविद्यालयीनमध्ये वरपर्यंत जातोय आणि मुलींचा संघही उभा राहिलाय. बघायला मात्र तीस-पस्तीस जण, त्यातही निम्मे खो-खोवाले, त्यांचा सराव शेजारीच असतो म्हणून थांबलेले.

कोर्ट सिमेंटचं, लांबी उत्तर-दक्षिण. पश्चिमेला पाच पायऱ्यांचा कट्टा आहे, दाटीवाटीनं दोनशे माणूस बसेल. लाईट नाहीत. जिमखान्यातून पंचवीसेक हजार मिळू शकतात. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ हाताशी आहे. पहिला खर्च कशावर करावा? वेळ कोणती ठेवावी? आणि पोरं डीजे मागताहेत, त्याचं काय करू?

बेसलाइन

सर, डीजेचं नंतर बघू. आधी एक सांगा, तुमच्या संघाचे घरच्या मैदानावर वर्षात सामने किती होतात? बहुधा शून्य. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एका यजमान कॉलेजात दोन-तीन दिवसांत उरकते आणि तीही बाद पद्धतीनं. सामना कधी सकाळी नऊला, कधी भर दुपारी, आणि पुढचा प्रतिस्पर्धी कोण हे आदल्या संध्याकाळी कळतं. तुमचा संघ दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन जिंकतो आणि गावाला कळतं ते पेपरातल्या चार ओळींतून. प्रेक्षक दुरावलेत असं नाही हो, त्यांना बघायला मिळालेलंच नाही.

म्हणून आधी घरचे सामने तयार करा. चार पुरेत. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, दर पंधरा दिवसांनी एक, वार एकच. ‘एक शनिवार सोडून शनिवार’ हे लोकांच्या डोक्यात बसतं, तारखा बसत नाहीत. एकच भव्य दिव्य सामना घ्यायचा मोह टाळा. पहिल्याला आलेला माणूस दुसऱ्याला मित्राला घेऊन येतो, पण दुसरा सामना असला तर ना. वेळापत्रक ठरवण्याआधी परीक्षा विभागात जाऊन हिवाळी परीक्षेच्या तारखा बघा. पेपरच्या आठवड्यात सामना ठेवला तर तुमचे स्वतःचेच पाच खेळाडू हजर नसतील.

प्रतिस्पर्धी निवडताना बरोबरीचे घ्या. पहिल्याच सामन्यात दुबळा संघ बोलावून साठ-वीसनं हरवलात तर मध्यंतरालाच कट्टा उठतो. फार तगडा बोलावलात तर पोरांचं तोंड पडतं आणि ‘यांचं काही खरं नाही’ असं गावभर होतं. मागच्या दोन वर्षांत ज्यांच्याशी आठ-दहा गुणांच्या फरकात सामना झाला, त्यांच्याच क्रीडा संचालकांना फोन करा. प्राचार्यांच्या सहीचं पत्र किमान तीन आठवडे आधी गेलं पाहिजे. त्यात तारीख, वेळ, किती खेळाडू, नाश्ता कोणाचा, प्रवासखर्च कोणाचा हे स्पष्ट लिहा. हे मोघम राहिलं की आदल्या दिवशी ‘गाडी नाही मिळाली’ असा निरोप येतो. परतफेड म्हणून एकदा तुम्ही त्यांच्याकडे जायचं ठरवा, म्हणजे प्रवासखर्चाचा प्रश्न निम्मा सुटतो.

पंचांसाठी जिल्हा संघटनेकडून दोन जण मागवा. आपलेच माजी खेळाडू शिट्टीला उभे केले तर एका वादग्रस्त फाऊलवर सगळी मैत्री संपते.

एसटी_पास

बेसलाइन यांचं पटलं. वेळेबद्दल मी लिहितो, कारण मराठवाड्यात प्रेक्षकांचा हिशेब एसटीवर चालतो.

मैदान किती वाजता मोकळं असतं यावरून वेळ ठरवू नका. बसस्थानकावर जा आणि ज्या चार-पाच मार्गांवरून तुमची सगळ्यात जास्त पोरं-पोरी येतात त्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून आणा. शेवटची गाडी धरू नका, सोयीची धरा. शेवटची सातची असली तरी मुली तिच्यासाठी थांबत नाहीत, त्यांना सव्वापाच-साडेपाचचीच लागते. सामना त्या गाडीच्या किमान पाऊण तास आधी संपला पाहिजे.

आता मागे मोजत या. दहा मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे घड्याळातली चाळीस मिनिटं. पण घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं. शिवाय पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरच्या मध्ये दोन-दोन मिनिटं, मध्यंतर पंधरा मिनिटं आणि टाइम-आऊट वेगळे. एकूण दीड तास धरा, फाऊल जास्त झाले तर पावणेदोन. साडेपाचच्या गाडीसाठी पावणेपाचला मोकळं करायचं तर चेंडू तीनला उडाला पाहिजे. तीन म्हणजे तीन.

पुढची अडचण, सकाळचं कॉलेज असेल तर तास एकच्या सुमाराला संपतात. एक ते तीन या दोन तासांत पोरं घरी जातात, हीच तुमची खरी गळती. ही पोकळी भरा. शनिवारी त्या वेळेत प्रात्यक्षिकं किंवा एनएसएसची बैठक लावून घ्या, आणि दोन वाजता मुलींचा थ्री-एक्स-थ्री (तिघी विरुद्ध तिघी) सामना ठेवा. अर्धंच कोर्ट लागतं, १५ बाय ११ मीटर. दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण, १२ सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू रिंगकडे टाकायलाच हवा. खेळ इतका पटापट हलतो की नवख्यालाही कंटाळा येत नाही. एका तासात तीन सामने आरामात होतात. समोरच्या कॉलेजकडे मुलींचा पूर्ण संघ नसला तरी चार जणी मिळतातच. आणि मुली खेळत असल्या की त्यांच्या मैत्रिणी बसतात. त्या बसल्या की पुढच्या सामन्यालाही कट्टा भरलेला दिसतो.

गावातला व्यापारी, वकील, माजी विद्यार्थी हवा असेल तर त्याला संध्याकाळ लागते. तो वेगळा प्रेक्षक आहे. दोघांना एकाच सामन्यात बसवायला गेलात तर दोघंही हातचे जातील. यंदा विद्यार्थी धरा. डिसेंबरात तुमच्याकडे पावणेसहा-सहाला सूर्य मावळतो, लाईटशिवाय संध्याकाळचा सामना होणारही नाही.

तीन वाजता ऊन असतं, पण कट्टा पश्चिमेला आहे हे नशीब. ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर पडतं, डोळ्यांत जात नाही. हिवाळ्यात चालून जातं, तरी वरच्या दोन पायऱ्यांवर शेडनेट बांधा. गुण आणि वेळ नोंदवणाऱ्यांचं टेबल मात्र पूर्वेला जाईल आणि ऊन थेट गुणलेखकाच्या तोंडावर येईल. त्यांच्या डोक्यावर मोठी छत्री लागेल. दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलतात, त्यामुळे खेळाडूंना उन्हाची तक्रार करायला जागा नाही.

पाणी विसरू नका. दीडशे माणसांना अर्धा लिटर धरलं तर ७५ लिटर, म्हणजे वीसचे चार जार. खेळाडूंचे वेगळे.

टेबलवाला

पहिला खर्च कशावर? जाळीवर. हसू नका.

रिंगला जाळी नसली किंवा फाटून लोंबत असली तर कट्ट्यावरून चेंडू आतून गेला की बाहेरून हे कळतच नाही. दूर बसलेला माणूस शेजाऱ्याला ‘झाला का?’ विचारतो, आणि तेवढ्यात टाळीची वेळ निघून जाते. पांढरी, जाड दोऱ्याची, बारा फासांची, ४० ते ४५ सेंटिमीटर लांबीची जाळी घ्या. दोन रिंगांना दोन आणि दोन राखीव. हजाराच्या आत काम होतं आणि ‘सर्रकन’ आवाज मैदानभर जातो. एक खबरदारी, नवी जाळी खालून फार अरुंद असेल तर चेंडू अडकतो. आठवडाभर सरावात वापरून मग सामन्याला ठेवा.

दुसरा खर्च रेषांवर. सगळ्या रेषांची लांबी मिळून साधारण २०० मीटर भरते आणि रुंदी ५ सेंटिमीटर, म्हणजे रंगवायचं क्षेत्र जेमतेम १० चौरस मीटर. रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग वापरा, दोन हातांना तीन-चार लिटर पुरतो. घरातला ऑइलपेंट नको, तो गुळगुळीत होतो आणि घामाचा थेंब पडला की पाय सटकतो. रंगापेक्षा मास्किंग टेप जास्त लागते. दोन्ही कडांना मिळून ४०० मीटर, म्हणजे २० मीटरची वीसच्या वर रिळं. इथे कंजुषी केली की रेषा नागमोडी होतात. पैसे उरले तर रिंगखालचा ४.९ बाय ५.८ मीटरचा चौकोन दोन्हीकडे गडद रंगात भरून घ्या, रंगात बारीक वाळू मिसळून. हल्ला करणाऱ्यानं त्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नसतं, ही ‘तीन सेकंद’ काय भानगड आहे ते प्रेक्षकाला त्या रंगामुळे दिसतं.

तिसरा खर्च गुणफलकाचा. महागडा डिजिटल नको. चार बाय आठ फुटांचा प्लायवूड घ्या, त्यावर खिळे, आणि फ्लेक्सचे आकडे ३० सेंटिमीटर उंच, काळ्यावर पिवळे. एवढे आकडे कोर्टाच्या पलीकडून नीट वाचता येतात. प्रत्येक संघासाठी तीन आकड्यांची सोय ठेवा. क्वार्टर आणि संघाचे फाऊल यांना वेगळी जागा द्या. उरलेल्या वेळेसाठी लॅपटॉपला टीव्ही जोडायचा विचार असेल तर टीव्ही खोक्यात, पडद्यावर थेट ऊन येणार नाही असा ठेवा, नाहीतर भर दुपारी काळी काच दिसेल. फलकावर बसणारी दोन पोरं ठरवून ठेवा आणि त्यांनी गुण फक्त टेबलवरूनच घ्यायचे. मनानं गुण वाढवले की समोरच्या संघाचा मॅनेजर उठलाच म्हणून समजा.

टेबलवर चार जण हवेत: गुणलेखक, त्याचा सहायक, टाइमकीपर आणि २४ सेकंदवाला. चौथ्याचं काम सगळ्यात अवघड. चेंडू रिंगला लागून परत हल्ला करणाऱ्याच संघाकडे आला तर घड्याळ २४ वर जात नाही, १४ वर जातं, आणि नवखा पोरगा इथेच चुकतो. त्याला निदान चार सराव सामन्यांत बसवा. घड्याळावरून वाद झाला की खेळ दहा मिनिटं थांबतो आणि कट्टा मोबाइलमध्ये जातो.

राहिला निवेदक. तुमच्याकडच्या लोकांना कुस्ती, कबड्डी, शूटिंगबॉल न सांगता कळतो, बास्केटबॉल कळत नाही. तीन गुण कुठे, दोन कुठे, फाऊलला कधी फ्री थ्रो आणि कधी नुसता बाजूनं चेंडू, हे न समजलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. निवेदकानं प्रत्येक शिट्टीनंतर एकच वाक्य बोलायचं: काय झालं, कोणाकडून, आता काय. ‘सात नंबरचा फाऊल, संघाचा या क्वार्टरमधला पाचवा, म्हणून दोन फ्री थ्रो.’ बस. चेंडू खेळात असताना माईक खाली. शायरी बंद.

चौथा_क्वार्टर

जाळी आणि रेषा ठरल्या. एसटीच्या वेळा काढल्या, आमची मोठी गर्दी ५:२० च्या गाडीची आहे. लाईट लावायला किती खर्च येईल? पोरं ऐकायला तयार नाहीत.

एसटी_पास

यंदा नकोच. तरी पुढच्या वर्षासाठी अंदाज: दोन्ही लांब बाजूंना प्रत्येकी दोन खांब, आठ-नऊ मीटर उंच, खांबाला २०० वॅटचे दोन एलईडी फ्लड, एकूण आठ. कोर्टावर अंदाजे १०० लक्स (उजेडाचं माप) मिळतो, म्हणजे चेंडू दिसतो. व्हिडिओ मात्र धुरकट येईल. रिंगच्या मागे दिवा कधीही लावू नका, शॉट घेणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. भार १.६ किलोवॅट, म्हणजे ७ अँपिअर. वायर २.५ स्क्वेअर एमएम, तांब्याची. भारनियमनासाठी जनरेटर लागेल तो वेगळा. खांबांचा पाया काळ्या मातीत किती खोल घ्यायचा हे मात्र जाणकाराला विचारूनच ठरवा.

हलगीचा_ठेका

डीजे नको याला तीन कारणं. एक, शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. निवेदकाच्या साध्या माईकसाठी आणि वाद्यांसाठीसुद्धा प्राचार्यांचं पत्र घेऊन ठाण्यात विचारून या, आणि स्पीकरचं तोंड कट्ट्याकडे, आवाज कोर्टापुरता. दोन, डीजेत पंचाची शिट्टी बुडते. तीन, डीजेला पोरं नाचायला येतात. नाचणाऱ्याची पाठ कोर्टाकडे असते.

हलगी लावा. एकच हलगी आणि जोडीला एक ताशा, बस. जत्रेच्या फडात पैलवान भिडले की ठेका कसा चढत जातो हे आपल्या लोकांच्या कानात आधीपासून आहे, ते वेगळं शिकवावं लागत नाही. ठेका कधी वाजवायचा ते वादकाला आधी कोर्टवर उभं करून दाखवा: बास्केट झाल्यावर चार-पाच सेकंद, टाइम-आऊटला पूर्ण, आणि आपण बचावात असताना हळू, चढता. फ्री थ्रोला हात खाली, मग तो आपला असो की त्यांचा. पंचांना सामन्याआधी भेटून विचारा, ते नको म्हणाले तर फक्त टाइम-आऊटला वाजवा. वादकांची जागा कट्ट्याच्या मधोमध, टेबलपासून लांब. आणि प्रेक्षकांतल्या शिट्ट्या पूर्ण बंद. खेळाडू पंचाची शिट्टी समजून थांबतो आणि मग हाणामारीवर येतं.

आता सगळ्यात मोठा शत्रू सांगतो: सत्कार. तीनचा सामना, पाहुणे पावणेचारला येतात, मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, आणि साडेचारला चेंडू उडतो. ५:२० ची गाडी दुसऱ्या क्वार्टरमध्येच कट्टा रिकामा करते. पत्रिकेतच छापा की सत्कार मध्यंतरात. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं, त्यातली चार पाहुण्यांना. उरलेल्या वेळात शाळेतल्या पोरांची फ्री थ्रो स्पर्धा घ्या. मोठ्यांची रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर असते, सातवी-आठवीच्या पोरांना तीन मीटरवरून टाकू द्या. प्रत्येकाला एकच चेंडू आणि रांग आधीच लावलेली, म्हणजे पाच मिनिटांत वीस-पंचवीस पोरं होतात. बक्षीस म्हणून संघाच्या सह्यांचा जुना चेंडू. एका पोरामागे घरचे दोघं-तिघं येतात हे वेगळं सांगायला नको.

फुकट_सुशीला

एवढं कशाला? सामन्यानंतर सगळ्यांना सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) आणि चहा ठेवा, कट्टा भरतोच.

बेसलाइन

भरतो, चौथ्या क्वार्टरला. खाणं शेवटी ठेवलं की लोक शेवटीच येतात. ठेवायचंच असेल तर अडीच ते तीनमध्ये, थ्री-एक्स-थ्री चालू असताना, मैदानाच्या आतल्या बाजूला, आणि पैसे घेऊन. बचत गटाच्या बायकांना गाळा द्या, सुशीला आणि भजी त्याच विकतील. जानेवारीतल्या सामन्याला हुरडा ठेवता आला तर बघा. जिमखान्याचे पैसे त्यात घालू नका.

गावचं_नाव

सगळ्यांनी मैदानाचं लिहिलं, बोलावण्याचं कोणी लिहिलं नाही.

तुमचे खेळाडू कोणकोणत्या गावचे आहेत? बारा जणांत सात-आठ गावं निघतील. पोस्टरवर कॉलेजचं नाव लहान करा आणि खेळाडूचं नाव, नंबर, गाव मोठं करा. ‘आपल्या गावचा पोरगा’ म्हटलं की त्या गावच्या ग्रुपवर पोस्टर आपोआप फिरतं. निवेदकानंही पहिल्या पाच खेळाडूंची नावं गावासकट पुकारायची. जर्सीवरचा पाठीचा आकडा २० सेंटिमीटर उंच आणि जर्सीच्या रंगाविरुद्ध ठेवा. निळ्यावर काळा छापलेला नंबर कट्ट्यावरून कोणाला दिसत नाही, मग पुकारून काय उपयोग?

निरोप तीनदाच. आठ दिवस आधी पोस्टर, आदल्या संध्याकाळी मजकूर, सामन्याच्या दिवशी सकाळी एक ओळ. मजकुरात पाच गोष्टी: वार, वेळ, कोणाविरुद्ध, कुठून आत यायचं, किती वाजता सुटणार. शेवटची सगळे विसरतात आणि मुलींच्या घरचे नेमकी तीच विचारतात. मुलींसाठी कट्ट्याच्या दोन पायऱ्या राखून ठेवा, फाटकाजवळच्या बाजूला, आणि त्या दिवशी स्वच्छतागृहाचं कुलूप उघडं आहे का ते स्वतः बघा. सामन्यानंतर दोन तासांच्या आत वीस सेकंदांचा उभा व्हिडिओ गेला पाहिजे. मोबाइलवाला रिंगच्या मागे तिरका, रेषेपासून दोन मीटर सोडून बसवा. कट्ट्यावरून झूम केलेलं काही कामाचं नसतं.

दोनशेची जागा असून ऐंशी माणसं आली तर ती विखरून बसतात आणि मैदान ओस दिसतं. कट्ट्याची दोन्ही टोकं दोरीनं बंद करा, मधला भाग भरला की मगच सोडा.

आणि मोजा. एका पोराला तीनदा डोकी मोजायला लावा: सुरुवातीला, मध्यंतरानंतर, शेवटची पाच मिनिटं उरली असताना. सुरुवातीला कमी असतील तर निरोप किंवा वेळ चुकली. मध्यंतरानंतर घटले तर मध्यंतर लांबलं. शेवटी घटले तर एसटी, नाहीतर सामना एकतर्फी. एकूण किती आले एवढाच आकडा ठेवलात तर दुरुस्ती कुठे करायची ते कळणार नाही.

चौथा_क्वार्टर

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला सगळं कॉलेज हजर असतं. त्या दिवशी संघाची ओळख करून चार तारखा जाहीर करतो. सामना ठेवणार नाही, पावसाचा भरवसा नाही. आणखी एक. जाळीसाठी माप घेतलं तेव्हा दक्षिणेकडची रिंग २.९९ मीटरवर भरली आणि पुढच्या बाजूला झुकलेली आहे. चालेल का?

टेबलवाला

नाही चालणार. उंची ३.०५ मीटर, फरक ६ मिलिमीटरपर्यंतच चालतो. तुमचा सहा सेंटिमीटर आहे. पाहुणा संघ वॉर्मअपलाच ओळखेल. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया हलून खांब पुढे कलतो. बोर्ड आपल्या भारानं आधीच कोर्टाकडे ओढत असतो. ओळंबा लावून आधी बघा की खांब कललाय की नुसती रिंगची पट्टी वाकलीय. खांबाच्या तळाला बोल्टची प्लेट असेल तर कोर्टाकडच्या बोल्टजवळ प्लेटखाली लोखंडी पट्ट्यांचे तुकडे घालून ओळंब्यात आणता येतं. खांब सरळ केल्यावर रिंग पुन्हा मोजा, कलल्यामुळे कमी झालेली उंची बरीचशी भरून निघते. उरलेली बोर्डाच्या क्लॅम्पवर वर सरकवा. रिंगची पट्टी वाकली असेल तर ठोकून सरळ करत बसू नका, नवी रिंग बसवा. हे सगळं पाऊस संपून जमीन वाळल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी करा, आणि प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी टेप लावा.